फ्लामेंको : आवाज न करणाऱ्या पायाचं गणित

जेवणाच्या टेबलावर तळहात ठेवा आणि अंगातला सगळा जोर लावून दाबा. टेबल फारतर कुरकुरेल. आता हात उचला आणि दार वाजवतो तसं बोटाच्या पेरानं एकदाच टकटक करा. हा आवाज शेजारच्या खोलीत जातो. पहिल्या वेळी जोर भरपूर होता, आवाज नव्हता. दुसऱ्या वेळी जोर नावापुरता होता, पण बोट वेगात आलं आणि टणक लाकडावर जागच्या जागी थांबलं. आवाज त्या थांबण्यातून येतो.

फ्लामेंको नाचणाऱ्या बाईच्या पायाखाली हेच घडत असतं, सेकंदाला कित्येक वेळा. तिचे पाय, गुडघे, कंबर का दुखतात हे समजून घ्यायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या जोरात पाय आपटल्यावर दुखणारच. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. मग बघता बघता नजर दुसऱ्या पायावर गेली. जो पाय ठोका देतो त्याच्याकडे सगळे बघतात. त्या क्षणी ती ज्या पायावर उभी असते, तो पाय गप्प असतो. दुखण्याचा बराचसा हिशेब त्या गप्प पायाच्या नावावर मांडला जातो.

फ्लामेंको हा दक्षिण स्पेनचा, आंदालुसियाचा. सेव्हिलमधला त्रियाना भाग, हेरेस आणि कादिझ ही त्याची जुनी घरं. गाणं, गिटार आणि नाच मिळून ही कला होते. २०१० साली युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यातल्या पदाघातांना सापातेआदो म्हणतात. स्पॅनिशमध्ये सापातो म्हणजे बूट, त्यावरून हा शब्द.

मराठी वाचकाला इथं कथकातला तत्कार आठवणारच. मी लहानपणी कथक शिकले, त्यामुळे मलाही पहिल्यांदा तोच आठवला. फ्लामेंको कथकातून निघाला असं बरेचदा ठोकून दिलं जातं, ते मात्र मानू नये. फ्लामेंको ज्यांच्या घराघरांत वाढला त्या स्पेनमधल्या रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनला पोचले, हे खरं. पण आज आपण पाहतो ते कथक त्यांच्या जाण्यानंतर फार उशिरा आकाराला आलं. मी तत्कार आठवते तो वेगळ्या कारणासाठी. तत्कारात अनवाणी, सपाट तळवा जमिनीवर पडतो. पायाखाली काहीच नसतं, आणि तळव्याचं मांस स्वतःच थोडा धक्का पिऊन टाकतं. फ्लामेंकोत पाऊल आणि जमीन यांच्यामध्ये बूट येतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्या बुटामुळे बदलते.

हा बूट हातात घेऊन उलटा करून बघण्यासारखा असतो. वरून साधा, पट्टा असलेला, चामड्याचा. तळ मात्र वेगळाच. चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे अगदी दाटीवाटीनं ठोकलेले, एकाला एक चिकटून, जणू लोखंडी खडीसाखर पसरली आहे. टाच लाकडी. बायकांच्या बुटात ती साधारण ५ ते ७ सेंटिमीटर, पुरुषांच्या बुटात त्याहून कमी. वापरलेल्या बुटात खिळ्यांची डोकी घासून आरशासारखी चकचकीत झालेली असतात, आणि ती कुठं जास्त चकाकतात ते बघितलं की मालकिणीचं वजन कुठं पडतं ते कळतं. आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली जास्त झीज असेल तर तिचं पाऊल आत कलतं. हा बूट मुद्दाम मऊ केलेला नाही. धावण्याच्या बुटात फोम असतो, तो धक्का लांबवतो आणि आवाज मारतो. इथं आवाजच हवा आहे. म्हणजे शरीराला जो धक्का नको असतो तोच या कलेत वाद्याचा स्वर आहे.

ठोक्यांचे प्रकार थोडेच. सबंध तळवा एकदम पडला की गोल्पे, म्हणजे फटका. टाच वर ठेवून फक्त चवडा पडला की प्लांता. चवडा जमिनीवर रोवून टाच खाली आपटली की ताकोन. पाय मागे नेऊन बुटाच्या टोकानं मारलं की पुंता. लातिगो म्हणजे चाबूक, त्यात पाय जमिनीला घासत झटक्यात पुढे जातो. एवढ्याच अक्षरांतून सगळी भाषा उभी राहते, जशी आपल्याकडे तबल्याच्या बोलांतून राहते. प्रत्येक ठोक्याचा नाद वेगळा. डोळे मिटून चांगल्या नर्तकीचे ठोके ऐकले तरी चवडा कुठला आणि टाच कुठली हे कळतं.

आता जोराकडे येऊ. ६० किलो वजनाच्या बाईचं घोट्याखालचं पाऊल एक किलोहूनही कमी भरतं. गुडघ्याखालचा सगळा भाग धरला तरी साधारण साडेतीन किलो. सापातेआदो नीट येणारी नर्तकी फळीवर आपटते ते एवढंच. मांडी थोडी हलते, धड जवळपास स्थिर राहतं, पोटरी सैल असते आणि पाऊल हातोडीसारखं खाली येतं. सुतार हातोडी मारतो तेव्हा मनगट सैल ठेवतो, खांदा हातोडीमागे ढकलत नाही. नवशिकी मुलगी नेमकं उलटं करते. आवाज येत नाही म्हणून ती कमरेतून वजन टाकते, गुडघा ताठ करते आणि सबंध अंगाला त्या ठोक्यामागे लोटते. मग फळीवर साडेतीन किलो न येता साठ किलो येतात, आवाज तरीही बोदा येतो आणि संध्याकाळी नडगी ठणकते. वर्गात शिकवणाऱ्या बाई सारखं ‘वजन वर, वजन वर’ म्हणत असतात, त्याचा अर्थ हा आहे. ही सूचना शोभेची वाटते, पण ती सांधे वाचवणारी आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. टणक टाच टणक फळीवर आदळली की धक्का आपल्या टोकाला पोचायला सेकंदाचे थोडेच हजारांश पुरतात. स्नायूला ताण जाणवून, मज्जातंतूंतून निरोप जाऊन-येऊन, त्या स्नायूत खरी ताकद उभी राहायला असे पन्नासहून जास्त हजारांश लागतात. म्हणजे शरीराला धक्का कळेपर्यंत धक्का होऊन गेलेला असतो. त्याला उत्तर देता येत नाही, त्याची फक्त आधीपासून तयारी ठेवता येते. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या हे लक्षात आलं नाही आणि आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकला, की जो गचका बसतो तो आठवा. उंची काहीच नसते, तरी दात आपटतात, डोक्यापर्यंत कळ जाते. जमीन कधी लागणार याचा अंदाज चुकलेला असतो, म्हणून स्नायू तयार नसतात. रोज नाचणारीचे स्नायू पाय पडायच्या आधीच योग्य तेवढे ताठ होतात, ना जास्त ना कमी. हे वर्षांच्या सरावानं येतं. आणि दमल्यावर सगळ्यात आधी हेच जातं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी फ्लामेंको नर्तिकांच्या नडगीच्या हाडावर, गुडघ्याच्या जरा खाली, आणि कमरेच्या हाडावर कंपनं मोजणारी उपकरणं बसवून त्यांना सापातेआदो करायला लावलं. ठोक्याचं कंपन पावलापाशी संपत नाही, ते हाडांतून वर चढत जातं. वाटेत गुडघा, मांडीचे स्नायू आणि पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या त्यातलं थोडं थोडं शोषतात. त्याच नर्तिकांच्या तपासणीत पाठ आणि मान यांच्या तक्रारीही पुढे आल्या. पायानं वाजवायच्या नाचात मान कशाला दुखते, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं ताठ ताणून धरलेल्या छातीत आणि वर उचललेल्या हातांत.

आता त्या गप्प पायाकडे. उजवा पाय ठोके देतोय तेवढा वेळ डाव्यावर सगळं शरीर तोललेलं असतं. दोन पायांवर उभं राहणं आणि एका पायावर उभं राहणं यात वजन दुप्पट होतं एवढाच फरक नाही. एका पायावर उभं राहिलं की धड दुसऱ्या बाजूला पडू पाहतं, आणि त्याला धरून ठेवायला नितंबाच्या बाजूचे स्नायू जोरात खेचावे लागतात. त्या खेचण्यामुळे खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट दाब येतो. हे नुसतं स्थिर उभं राहिल्यावर. इथं तर गुडघा वाकलेला असतो, कारण ताठ गुडघ्यावर ना पाय मोकळा होतो ना धक्का शोषला जातो. वाकलेल्या गुडघ्याला सावरायला मांडीचा पुढचा स्नायू सतत कामावर असतो, आणि तो गुडघ्याच्या वाटीला मांडीच्या हाडावर दाबत राहतो. जिना उतरताना वाटीमागे दुखतं ते हेच दुखणं. फ्लामेंकोत ते काही मिनिटं अखंड चालतं.

त्यात उंच टाच. १९९८ साली अमेरिकेत २० निरोगी बायकांची चाल मोजली होती. अनवाणी चालण्यापेक्षा उंच टाचांत चालताना गुडघ्याच्या आतल्या अंगावर भार टाकणारा जोर सरासरी २३ टक्क्यांनी जास्त निघाला. तेही फक्त चालण्यात. त्या टाचांवर वाकून, वळून, ठोके देत नाचण्याचा हिशेब यावरून प्रत्येकानं करावा.

टाच जेवढी उंच तेवढं वजन चवड्यावर सरकतं. चवड्यात पंजाची पाच लांब हाडं आहेत आणि अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी दोन हाडं आहेत. गुडघ्याच्या वाटीसारखीच ती स्नायूबंधात रुतलेली असतात. ताकोन मारताना चवडा रोवून टाच वर-खाली होते, तेव्हा हीच दोन हाडं खालून खिळ्यांच्या पत्र्यावर आणि वरून सगळ्या शरीराखाली सापडतात. स्पेनमधल्या पायांच्या तज्ज्ञांनी व्यावसायिक नर्तिकांच्या पावलांची पद्धतशीर पाहणी केली आहे. चवड्याचं दुखणं, तिथले जाड घट्टे, अंगठा बाहेरच्या बोटांकडे झुकून मुळाशी येणारा उंचवटा या तक्रारी तिथं नेहमीच्याच आहेत. घट्टा म्हणजे कातडीनं लिहून ठेवलेली नोंद, की दाब इथं जास्त पडतो. नुसता कापून टाकला तर महिनाभरात तिथंच परत येतो.

पोटरीचंही एक आहे. दिवसातले कित्येक तास टाच वर राहिली की पोटरीचा स्नायू आखूड राहायला शिकतो आणि टाचेमागची जाड शीर ताठर होते. मग घरी अनवाणी फिरताना ती ओढली जाते. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं दुखतात, असं सांगणाऱ्या नर्तिकेची बहुतेक वेळा हीच शीर तरी असते, नाहीतर तळव्याचा पडदा.

इथं मला थोडं इतिहासात जावंसं वाटतं, कारण त्याशिवाय ही उंच टाच समजत नाही. जुन्या फ्लामेंकोत म्हणायचे, बाईनं कमरेच्या वर नाचावं, पुरुषानं कमरेच्या खाली. हात, मनगटं, पाठीची कमान, झगा हे बाईचं. सापातेआदो पुरुषाचं. बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोरोस्त्रो वस्तीत जन्मलेल्या कार्मेन आमायानं ही वाटणी मोडून काढली. ती पुरुषांसारखी उंच कमरेची पँट घालून अशा ताकदीचं पदकाम करायची, की विसाव्या शतकातल्या फ्लामेंकोचं नाव काढलं की तिचं नाव येतंच. १९६३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं ती गेली. तिच्यानंतर बायकांनी पुरुषांचं पदकाम मनापासून घेतलं, आणि ते फार चांगलं झालं. पण बूट बहुतेकींनी आपलाच ठेवला. हात आणि कमरेच्या नाचासाठी शोभणारी टाच आणि हातोडीचं काम एकाच पावलावर आलं. त्यात कधीकधी लांब शेपटीचा, काही किलो वजनाचा झगाही पायानं उडवायचा असतो. मला वाटतं, बायकांच्या चवड्यांच्या दुखण्याचा एक धागा या इतिहासात आहे.

दमण्याचा विषय मघाशी अर्धवट सोडला. सोलेआ किंवा अलेग्रियास हे बारा मात्रांचे प्रकार ऐका. सुरुवात संथ असते, मध्ये एस्कोबिया येते. एस्कोबिया म्हणजे छोटा झाडू, पण इथं तो शब्द केवळ पदकामाच्या लांब तुकड्यासाठी आहे. हा तुकडा हळू सुरू होतो आणि लय चढत जाते, आपल्या द्रुतासारखी. शेवटी नाच बुलेरियासमध्ये शिरतो, तो सगळ्यात वेगवान. म्हणजे पाय सगळ्यात जोरात चालवायची वेळ येते तेव्हाच ते सगळ्यात थकलेले असतात. थकलेला स्नायू उशिरा ताठ होतो, धक्का शोषायचं काम अर्धवट करतो, आणि उरलेला धक्का हाडांकडे जातो. प्रेक्षक इथंच ‘ओले’ अशी स्पॅनिश दाद देतात. ही रचना बदलावी असं मी म्हणणार नाही, नाचाचा प्राणच तिथं आहे. पण त्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी ताकद कमावायची असते ती नाचाच्या बाहेर, वेगळा व्यायाम करून. नुसता तोच नाच पुन्हा पुन्हा केल्यानं ती येत नाही, झीज मात्र होते.

जमिनीबद्दल तर मी तासभर बोलू शकते. ताब्लाओ म्हणजे फ्लामेंकोचा लाकडी मंच. खाली आडव्या पट्ट्या, मध्ये हवा, वर फळ्या. अशी जमीन जराशी दबते आणि पोकळीमुळे घुमते. एकाच रचनेतून सांध्यांना आराम आणि कानांना आवाज. सिमेंटवर बसवलेल्या फरशीत दोन्ही नाही. आणि इथं एक दुष्टचक्र सुरू होतं. फरशीवर आवाज कोरडा, छोटा येतो, म्हणून नर्तकी नकळत जास्त जोरात मारते, आणि ज्या जमिनीवर हळू मारायला हवं तिथंच सगळ्यात जोरात मारलं जातं. पुण्या-मुंबईत किंवा कुठंही फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्यांनी खाली पट्ट्या लावून एक जाड प्लायवूडची फळी करून घ्यावी. महागड्या बुटांवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तत्कार करणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

हेरेस गावात १९९७ पासून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फ्लामेंकोचा मोठा महोत्सव होतो. रात्री कार्यक्रम आणि दिवसा वर्ग. जगभरातून, जपानहून तर मोठ्या संख्येनं, विद्यार्थी शिकायला येतात. घरी आठवड्याला दोन-तीन तास नाचणारी बाई तिथं रोज दोन-दोन वर्ग करते. किती स्वप्नं बघून, पैसे साठवून आलेली असते. एकही तास चुकवावासा वाटत नाही, आणि ते मला मनापासून समजतं. अडचण हाडाच्या कामाच्या पद्धतीत आहे. हाड म्हणजे सुकं लाकूड नाही. भार वाढला की ते स्वतःला मजबूत करतं, पण रस्ता दुरुस्त करावा तसं, आधी खणून मग भरून. जुना भाग खरवडायला काही आठवडे लागतात, नवा भाग पक्का व्हायला काही महिने. मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा नाजूक असतं, आणि वाहतूक तर चालूच असते. पंजाच्या लांब हाडाला बारीक चीर पडते ती बहुतेक अशा वेळी. म्हणून अशा शिबिराची तयारी निघण्याआधी दोन-तीन महिने हळूहळू तास वाढवत करायला हवी. शिबिराच्या आठवड्यात ताकद कमावता येत नाही, असलेली खर्च होते.

जेवण हा त्याचाच भाग. पोट आवळून, कमी खाऊन नाचणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, आणि त्याबरोबर हाडाचं भरणं मंदावतं. पाळी थांबणं म्हणजे मेहनतीची खूण असं समजणाऱ्या मुली अजून भेटतात. तो शरीराचा धोक्याचा इशारा आहे आणि डॉक्टरांना सांगायचीच गोष्ट आहे.

व्यायाम फार अवघड नाहीत. एका पायावर उभं राहून सावकाश चवड्यावर उठणं आणि त्याहून सावकाश खाली येणं, हा पोटरीसाठी. पायरीवरून एका पायानं हळू खाली उतरणं, गुडघा आत न झुकू देता, हा खुबा आणि मांडीसाठी. अनवाणी उभं राहून बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलणं, हा पावलाच्या आतल्या बारीक स्नायूंसाठी. आणि सरावाचे ठोके मोजायला शिकणं. नाचातली पावलं पाठ करायची असतील तर सपाट बुटात, हलक्या पायानं करता येतात. पूर्ण आवाजात, पूर्ण टाचेत करायची मिनिटं वेगळी ठेवावीत. सरोदिया प्रत्येक रियाजाला तार तुटेस्तोवर छेडत नाही.

दुखणं दोन तऱ्हांचं असतं, ते ओळखता यायला हवं. पोटरीभर, मांडीभर पसरलेलं, दुसऱ्या दिवशी जास्त आणि तिसऱ्या दिवशी विरणारं, हे स्नायूंचं. एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी, हाडावरच दाबल्यावर कळ येणारं, नाचताना वाढणारं आणि पुढे पुढे रात्री झोपेतही जाणवणारं, हे वेगळं. असं दुखत असेल तर त्या दिवशी बूट काढून ठेवावेत आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच नाचायला लागू नये, कारण बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. डॉक्टरांना विचारून एमआरआय करून घ्यावा. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांनी फ्लामेंको पाहिलेला नसतो. ‘नाचताना दुखतं’ एवढंच सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळाच नाच येतो. म्हणून जाताना ते खिळ्यांचे बूट पिशवीत घालून न्यावेत आणि टेबलावर उलटे करून ठेवावेत.